चार नव्या फळ्या

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र वहिनींकडे दिलं असशील. वहिनी, तुम्ही वाचत असाल तर जरा मोठ्याने वाचा. तो शेजारच्या खोलीत बसून ऐकत नसल्याचं दाखवतो, पण ऐकतो.

अकरा वर्षांनी लिहितेय. भांडण उकरायचं नाही आणि मिटवायचंही नाही, तेव्हा घाबरू नकोस. मी नवीन नोकरी धरलीय आणि तिथे एक नियम आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या तुकडीच्या प्रमुखाला सगळे मास्तर म्हणतात. ते शाळेत कधी शिकवत नव्हते, पण प्रत्येक गोष्ट तीनतीनदा पाठ करून घेतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुम्ही काय काम करता ते आपल्या एका तरी माणसाला खरंखरं सांगायचं. जे लपवतात ते तीन महिन्यांत सोडून जातात." मी विचारलं, घरात कोणीच नसेल तर? तर म्हणाले, "रक्ताचं कोणी?" आणि स्वतःच ओशाळले. आमच्या कामात हा शब्द जपून वापरावा लागतो.

काम असं. कुठे खून झाला, मारामारी झाली, कोणी पडून डोकं फुटलं, किंवा एकटं राहणारं माणूस गेलं आणि उशिरा कळलं, की पोलिस येतात, पंचनामा करतात, माणसाला घेऊन जातात. मागे जे राहतं ते कोण साफ करतं? मला सत्तेचाळीस वर्षं वाटत होतं की कोणीतरी सरकारी माणूस येत असेल. कोणी येत नाही. घरचेच करतात, नाहीतर आम्हाला बोलावतात.

कारखाना बंद पडला हे तुला कोणाकडून तरी कळलं असेलच. अठरा वर्षं शर्टांची शिवण तपासली. एक टाका सुटला तरी माझ्या नजरेतून सुटायचा नाही. मास्तरांनी मुलाखतीत एवढंच विचारलं, "उलटी होते का?" मी म्हटलं, बघावं लागेल. त्यांना उत्तर आवडलं.

आणि खरं सांगू? झाली नाही. मला भीती वाटण्याआधी प्रश्नच पडायला लागले. तू मला चौकशी खिडकी म्हणायचास ना, ती अजून उघडीच आहे.

पहिलं काम एका शिंप्याच्या दुकानात. दुपारी चोर शिरला, झटापट झाली, त्याने शिंप्याच्याच कात्रीने त्याच्या मांडीत भोसकलं. शिंपी वाचला. आम्ही गेलो तेव्हा तो पायाला बँडेज बांधून दुकानाबाहेर स्टुलावर बसला होता, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना. काचेतून सगळं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "अहो, हे सगळं माझंच?" मी म्हटलं, हो. "मग माझ्यात उरलंय काय?" आमच्यातला लांबू, म्हणजे साडेसहा फूट उंच, जाळ्या-जळमटांसाठी त्याला शिडी लागत नाही, तो म्हणाला, "बोलण्याइतकं उरलंय, काका." शिंपी इतका हसला की त्याचा टाका ताणला.

मला वाटायचं, असल्या ठिकाणी माणसं फक्त रडत असतील.

आई असती तर म्हणाली असती, पोरीने कुठे नाक खुपसलं बघा. शेवटच्या रविवारी फोनवर बोलले तेव्हासुद्धा गुडघ्यांची तक्रार संपवून तिने मलाच विचारलं होतं की कारखान्यात कोणाचं काय चाललंय. चौकशीची सवय तिचीच.

नियम पाळला. उत्तर द्यायला हवंच असं नाही.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. पोस्टमन तुझ्या स्वभावाला बळी पडला नाही म्हणायचा.

मास्तरांच्या नियमात "एकदाच सांगा" असं कुठे म्हटलेलं नाही, म्हणून पुन्हा लिहितेय.

महिन्याभरात काय काय शिकले! दोन हातमोजे एकावर एक घालायचे, मनगटाशी चिकटपट्टी लावायची, काढताना वरचा आधी आतून बाहेर उलटा करायचा. दारापासून सुरुवात करायची आणि डागाकडे सरकायचं, म्हणजे पायाने घाण बाहेर येत नाही. कारखान्यात आम्ही दोष दिसला की त्याच्यावर झडप घालायचो. इथे दोषाकडे आदबीने जावं लागतं.

आणि रक्त! दादा, रक्त अगदी माझ्यासारखं आहे. फट दिसली की आत डोकावतं. वर बशीएवढा डाग असला तर खाली परातीएवढा असतो. फरशीच्या सांध्यातून, फळ्यांच्या खाचेतून, भिंतीच्या कडेने ते जिथे जाता येईल तिथे जातं. म्हणून वरवर पुसून भागत नाही. मास्तर म्हणतात, "डाग दिसतो तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो." हे वाक्य लांबूने त्यांना प्रत्येक कामावर म्हणायला लावलं आणि बोटांवर मोजलं. एका आठवड्यात अकरा वेळा.

काय वाचवता येतं आणि काय नाही, याचंही शास्त्र आहे. काच, धातू, चिनीमाती धुऊन परत देता येते. गादी, उशी, गालिचा, कागद, कच्चं लाकूड गेलं. त्यांनी शोषून घेतलेलं असतं. लोकांना हे पटत नाही. एक आजोबा गादीवर हात ठेवून म्हणाले, "वरून तर कोरडी आहे." मास्तर त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. नुसती गादीची कड उचलून दाखवली आणि लगेच खाली ठेवली. आजोबांनी हात काढून घेतला.

मी घरी येऊन सुरीने माझ्याच गादीचं एक टोक उसवून बघितलं, आत काय असतं ते. कापूस. वहिनी, हसू नका.

एक विचारू का? तुझे हात आता कसे आहेत? म्हणजे, आईच्या वेळी मी आले होते तेव्हा तुझे तळवे सोललेले होते. मी रागात होते, पण बघितलं होतं. तेव्हा वाटलं, रंगकाम केलंस त्याचं असेल. परवा आमच्यातल्या एकाने मोजे न घालता जंतुनाशकाची बादली उचलली आणि संध्याकाळी त्याचे हात अगदी तसेच झाले. म्हणून आठवलं. सहज.

तुझी धाकटी


२६ फेब्रुवारी

दादा,

आज सहज म्हणून काही लिहीत नाही.

काल एका घरी गेलो. दोन खोल्या, दुसरा मजला. एक बाई एकट्याच राहायच्या. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मधल्या दारात पडल्या. नऊ दिवसांनी कळलं. मुलाने आम्हाला बोलावलं होतं, पण त्याआधी दोन दिवस तो स्वतःच झटत होता. गादी, पडदे, चटया त्याने कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. जमीन घासून घासून पांढरी पडली होती. एका ठिकाणी त्याने करवतीने फळी कापायला घेतली होती आणि अर्धी कापून सोडून दिली होती. मग फोन केला होता.

मास्तर त्याला म्हणाले, "तुम्ही आता आत येऊ नका. बाहेर बसा. पाणी प्या." तो जिन्यात बसला. चाळिशीचा असेल. तळवे सोललेले.

आम्ही गादी पिशवीत भरत होतो तेवढ्यात एक बाई जिना चढून आली. त्याची बहीण, प्रवासातून थेट. दारातून तिने त्या पिशव्या बघितल्या आणि भावावर ओरडली, "आईची एक उशीसुद्धा ठेवली नाहीस? एवढी कसली घाई होती तुला?"

दादा, माझ्या हातातून पिशवी सुटली.

शब्द न् शब्द तेच होते. उशी, घाई. पुढे तिने आणखीही काही म्हटलं, तेही मी म्हटलं होतं. "तुला ती कधी नकोच होती" हेही. भाऊ खाली मान घालून पायरीकडे बघत राहिला. तू बघत होतास तसाच.

मास्तरांनी मला खूण केली. बाई बाईशी बोलेल असा त्यांचा हिशेब. मी मोजे उतरवले, चेहऱ्यावरचा मास्क काढला, जिन्यात गेले. तिला विचारलं, "तुम्हाला त्यांचं काय हवंय ते सांगा. जे धुऊन निघेल ते मी स्वतः धुऊन देते." ती रडायची थांबली. बहुतेक तिला असं कोणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, "चष्मा." मी आत जाऊन शोधला, धुतला, पुसला, आणून दिला. तिने तो उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाली, "ती झोपेत गेली ना? हा म्हणाला झोपेत गेली."

मी भावाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, दादा, की मी काय सांगू. पाया पडल्यासारखं.

मी म्हटलं, "ते त्यांनाच विचारा. पण आज नको. आज त्यांना जेवायला घाला."

संध्याकाळी काम संपल्यावर मी त्या कापलेल्या फळीची जागा बघत उभी होते. आम्ही तिथल्या पाच फळ्या काढून नव्या घातल्या होत्या. जुन्या मळकट, नव्या पिवळ्या. आणि एकदम मला आईची खोली दिसली. पलंग होता ती जागा आणि खिडकी, यांच्या मध्ये चार फळ्या पिवळ्या होत्या. मी त्यांच्यावरच उभी राहून तुला बोलत होते. अकरा वर्षं मला वाटतंय की तू घर भाड्याने द्यायला सजवत होतास.

आता मी विचारते. नीट विचारते, ओरडत नाही.

आई मंगळवारी रात्री झोपेत गेली असं तू सांगितलंस. झोपेत गेलेल्या माणसासाठी जमिनीच्या फळ्या का बदलाव्या लागतात?

एवढ्या थंडीत सगळ्या खिडक्या का उघड्या होत्या?

भिंत नुसती कंबरेपर्यंतच का रंगवली होतीस?

मी दोन दिवसांत पोहोचणार हे माहीत असताना तू माझ्यासाठी थांबला का नाहीस? मला तिचा चेहरा बघू का दिला नाहीस?

खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्याशी बोलता बोलता तू आलास म्हणून गप्प का झाल्या?

तू दर बुधवारी आईकडे जायचास. त्या बुधवारी कुलूप उघडून आत गेलास तेव्हा ती किती दिवसांची होती?

शेवटचा प्रश्न मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलाय. पण विचारल्याशिवाय मला राहवत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझी धाकटी


२८ फेब्रुवारी

दादा,

परवाच्या पत्राचं उत्तर यायला अजून अवकाश आहे, पण त्याआधी हे टाकायला हवं. तू उत्तर लिहायला बसशील तेव्हा तुझ्यासमोर सगळं असू दे.

मी त्या रविवारी आईशी बोलले नाही.

आपलं ठरलेलं होतं, बुधवारी तू जायचं आणि रविवारी मी फोन करायचा. मी फोन केला होता. दुपारी. सहा वेळा वाजला. तिने उचलला नाही. आणि मला काय वाटलं ते सांगते, कारण ते आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या आठवड्यात कारखान्यात माझं बिनसलं होतं, तिचे प्रश्न नको होते. म्हटलं, काकूंकडे गेली असेल, उद्या करू. सोमवारी केला नाही. मंगळवारी केला नाही.

रविवारी संध्याकाळी तुझा फोन आला. "आईशी बोललीस?" मी म्हटलं, हो. तू म्हणालास, "कशी आहे?" नुसतं "बरी आहे" म्हटलं असतं तर तुला संशय आला असता, म्हणून म्हटलं, गुडघे दुखताहेत म्हणाली. झटकन सुचलं. गुडघे तिचे नेहमीच दुखायचे.

मग तेच मी नातेवाइकांसमोर सांगितलं. "रविवारी तर माझ्याशी बोलली, गुडघ्यांचं सांगत होती." रडत सांगितलं. दोन वेळा. इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की मला तिचा आवाज ऐकू येतो त्या वाक्यात. पहिल्या पत्रात तुलाही तेच लिहिलं.

ती मंगळवारी झोपेत गेली असती तर हे खोटं लहान होतं. रविवारी ती खरंच काकूंकडे असती. पण त्या चार फळ्या बघितल्यापासून मी दिवस मोजतेय. मला आता मोजता येतात, हीच पंचाईत आहे. किती दिवसांत काय होतं ते मास्तरांनी पाठ करून घेतलंय.

मी "उचलत नाहीये" एवढे दोन शब्द बोलले असते तर तू रविवारीच गेला असतास. तासाभराचं अंतर. मला हे कळायला हवं, दादा. रविवारी ती होती की नव्हती?

काहीही असलं तरी सांग. झोपेत वगैरे नको.

धाकटी


२१ मार्च

दादा,

तुझं पत्र तीन दिवसांपूर्वी आलं. पहिल्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचलं. आज लिहितेय.

तुझी ओळ मी इथे पुन्हा उतरवते. मला ती माझ्या हाताने लिहून बघायचीय: "आधीच्या बुधवारी संध्याकाळी मी तिथून निघालो. त्याच रात्री ती पडली. डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, काही मिनिटांत गेली. तू फोन केलास तेव्हा उचलायला कोणी नव्हतं."

म्हणजे रविवारी ती नव्हती. चार दिवसांपूर्वीच गेलेली होती.

हे वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली की हायसं का वाटलं. ती सात दिवस तिथे होती. माझ्या खोट्याने तिचं काही बिघडलं नाही असं म्हणू? पण रविवारी तू गेला असतास तर तुला तीन दिवस कमी बघावं लागलं असतं. आम्ही ज्याला तीन दिवस म्हणतो ते काय असतात, ते मला आता माहीत आहे. ते तीन दिवस तुझ्यावर मी टाकले.

आणि तुला माहीत होतं! "गुडघ्यांचं ऐकलं तेव्हाच कळलं, तू बोलली नव्हतीस," असं तू इतक्या साधेपणाने लिहिलंयस. सगळ्यांसमोर मी ते रडून सांगत होते आणि तू सोललेले हात मागे धरून उभा होतास. एक वाक्य बोलला असतास तर मी तिथल्या तिथे मेले असते. तू बोलला नाहीस. उलट मीच तुला नको ते बोलून निघून गेले, आणि तू तेही ठेवून घेतलंस.

मला तुझा रागही आलाय, हे लपवत नाही. "तुला कळलं असतं तर जन्मभर दिवस मोजत बसली असतीस" हे ठरवणारा तू कोण? मला मोजायचे होते. माझी आई होती, मोजले असते, रडले असते, तुझ्याबरोबर जमीन घासली असती. तू सगळं एकट्याने घेतलंस, आणि मला अकरा वर्षांचा नुसता राग देऊन ठेवलास. वाटणी बरोबर झाली नाही, दादा.

वहिनींनी पत्राच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय ते तू बघितलंस का? बहुतेक नाही. त्या म्हणतात, तू तीन दिवस त्या खोलीत कोणालाही येऊ दिलं नाहीस. त्यांनाही नाही. जेवण दारात ठेवायला लावायचास. त्यांनी म्हटलं होतं, माणसं बोलावू, तर तू म्हणालास, "आईचं आहे ते. परक्याने कशाला हात लावायचा?" मी हे आमच्या मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या भावाला सांगा, तीन दिवसांत एकट्याने एवढं मला जमलं नसतं." ते कोणाचं असं कौतुक करत नाहीत. लांबूला विचार.

शेवटची ओळ मात्र मला कळलीच नाही. घर भाड्याने दिलंच नाहीस? अकरा वर्षं कुलूप? "आत गेलो नाही. दार उघडलं की वास येतो."

चावी तुझ्याकडेच आहे ना?

मला आत जायचंय. सकाळच्या उजेडात. तू नुसता माझ्याबरोबर जिना चढ. दाराबाहेर थांबलास तरी चालेल.

धाकटी


१४ एप्रिल

दादा,

कालच भेटलो आणि आज पुन्हा पत्र, म्हणून वहिनी हसत असतील. पण काही गोष्टी तुला माहीत नाहीत. तू बाहेर होतास.

तू बसथांब्यावर उभा होतास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. केस गेले हे कोणी तरी कळवायचं. तूही मला म्हणालास, "आईसारखी दिसायला लागलीस," आणि मग आपण सगळी वाट ऊन किती वाढलंय याच्यावर बोललो. तिसऱ्या मजल्यावर तू चावी माझ्या हातात दिलीस आणि रुमाल नाकाला लावलास. अजून दार उघडलंही नव्हतं.

मी आत गेले. दार लोटून घेतलं. आता तिथून पुढचं सांगते.

आधी मी काहीच केलं नाही, नुसता श्वास घेतला. नाकावर काही न लावता, छातीभर. धूळ होती, बंद लाकूड होतं, जुना रंग होता. बाकी काही नाही, दादा. मी चारही कोपऱ्यांत जाऊन श्वास घेतला. कपाटात डोकं घालून घेतला. मास्तरांनी सांगितलंय की असा वास खोलीतून निघतो पण माणसातून निघत नाही, त्यामुळे ज्याने पहिल्या दिवशी घेतला त्याला वास गेला का असं पुढे कधी विचारायचं नाही, दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं. तुला अकरा वर्षांत विचारायला कोणी मिळालं नाही.

मग मी त्या चार फळ्यांशी गुडघे टेकून बसले. आमच्याकडे एक छोटं यंत्र असतं. ओला बोळा जागेवर फिरवायचा, आत घालायचा, की आकडा येतो. दहाच्या आत आला तर जागा स्वच्छ. फळ्यांवर चार आला. भिंतीवर तीन. पलंगाच्या जागी पाच. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात पंचवीस आला होता, हे वहिनींना सांगू नकोस.

तेव्हाच तू बाहेरून विचारलंस, "कशाने घासलंय ते कळतं का गं तुला?" आणि मी म्हटलं, तूच सांग. "उकळतं पाणी. बादल्याच्या बादल्या." दादा, मी जमिनीवर बसून कपाळाला हात लावला! उकळत्या पाण्याने रक्त पक्कं बसतं, लाकडात शिजतं. म्हणून तुला फळ्या कापाव्या लागल्या. गार पाणी घेतलं असतंस तर कदाचित दोनवर भागलं असतं. हे मी आतूनच ओरडून सांगितलं आणि तू बाहेर जिन्यात हसायला लागलास. आधी खोकल्यासारखं, मग खरंच. मी ते हसणं शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवत बसले.

आता ज्यासाठी लिहितेय ते.

मी सगळं तपासलं होतं, पण शिवण तपासायची सवय जात नाही. खिडकीखाली भिंत आणि जमीन मिळते तिथे लाकडाची पट्टी आहे बघ. तिच्या एका टोकाला खिळा सैल होता. मी पट्टी जरा ओढली. मागे, भिंतीच्या कडेने, माझ्या वितीएवढी एक गडद रेघ होती. तुला दिसण्यासारखी नव्हती. वाकूनही दिसली नसती. यंत्राने सांगितलेला आकडा लिहीत नाही.

तू दाराबाहेरून विचारलंस, "झालं का?" मी म्हटलं, "थांब, दोन मिनिटं." मला पंचवीस लागली. मला वाटतं तुला वाटलं मी रडतेय.

मी रडत नव्हते. मी पिशवीतून दोन मोजे काढून घातले, बाटलीतलं गार पाणी ओतलं, द्रावण लावलं, दहा मिनिटं थांबले, आणि हळूहळू सोडवून घेतलं. जोर लावला नाही. तिसऱ्यांदा बोळा फिरवला तेव्हा आकडा सहा आला. मग पट्टी होती तशी लावली आणि खिळा बुटाच्या टाचेने ठोकला. तो आवाज ऐकून तू विचारलंस, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही.

मग मी दार उघडलं आणि म्हटलं, "दादा, खोली स्वच्छ आहे. मी तपासलीय. रुमाल काढ आणि ये." तू उंबऱ्याशी किती वेळ उभा होतास ते मी मोजलं नाही. तू आत आलास, खिडकीपाशी गेलास, श्वास घेतलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "धूळ आहे गं नुसती." आणि तिथेच खाली बसलास, नव्या फळ्यांवर, दोन्ही तळवे टेकून.

"काही राहिलं होतं का?" असं तू परतताना विचारलंस, आणि मी नाही म्हटलं. पण आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून हे लिहिलं. राहिलं होतं. वीतभर. ते मी काढलं, आणि काढताना सगळा वेळ आईशी बोलत होते. तिला आधी सांगितलं की त्या रविवारी मी फोन लवकर ठेवला. मग बाकीचं सांगितलं, कारखान्याचं, शिंप्याचं, लांबूचं. तिने विचारलं असतं ते सगळं.

तुझी धाकटी